अंगातलं पाणी

"काय घेऊन चालले, उकंडराव?"

समोरून कापसाच्या प्रेसचे मुनीम व्यंकटराव येत होते. उकंडरावांच्या हातात कापडी पिशवी होती, पिशवीत बाटली, बाटलीला घट्ट बूच आणि बुचावर सुतळीचे चार वेढे. ते थांबले तसं बाटलीत काहीतरी डुचमळलं आणि त्याचा आवाज आपल्याला आला म्हणजे मुनिमांनाही आला असणार, असं त्यांना वाटलं.

"काकवी," ते बोलून गेले.

"डोंगरकड्याची? लेकीकडून?"

"व्हय."

"मंग वाटीभर आमच्याकडं बी पाठवा की," म्हणत व्यंकटराव छत्री टेकत निघूनही गेले. उकंडराव मात्र हिंगोलीच्या त्या सकाळच्या रस्त्यावर तसेच उभे राहिले. कापसाच्या गाड्या स्टेशनकडच्या प्रेसकडे चालल्या होत्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, आणि आपण आत्ता काय बोललो हे त्यांना जरा उशिराच उमगलं. बाटलीत बायकोची सकाळची लघवी होती. सरकारी दवाखान्यात तपासायला न्यायची होती. खोटं बोलल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. बावीस वर्षं संसार केला, पण रुख्मिणीच्या अंगातलं काही आपण असं हातात धरून उजेडात कधी आलो नव्हतो. तिचा चेहरासुद्धा आपण नीट पाहिला तो सुजल्यावर.

दसऱ्याच्या सुमारास पहिल्यांदा तिच्या पापण्या जड दिसल्या होत्या. जागरण झालं असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. दिवाळीला पाय सुजले. मार्गशीर्षात कासार आला तेव्हा हातातल्या बांगड्या निघेनात, त्याला त्या कानस लावून वाढवाव्या लागल्या. त्याने मोठ्या मापाच्या भरल्या, महिन्याने त्याही रुतल्या. वैद्यांचे काढे झाले, दर्ग्याचा धागा झाला, अळणी भाकरी झाली. एका दुपारी ती पडून असताना त्यांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलल्यावर खळगा तसाच राहिला. ते बघत बसले. खळगा भरायला इतका वेळ लागला की मधे ती जागी होऊन "काय बघून राहिले?" म्हणाली. त्यांची सगळी उमर प्रेसच्या वजनकाट्यावर गेली होती. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारून आणणारे लोक असतात. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घातला की आत पाणी आहे की नाही हे उकंडराव डोळे मिटून सांगत. अडते त्यांच्या हाताला वचकून होते. तो हात घरात काही कामाचा ठरला नव्हता. घरात, आपल्याच माणसात, शेरांनी पाणी मुरत होतं, आणि आपण रोज तिच्या हातची भाकरी खाऊन काट्यावर जाऊन बसत होतो, ही गोष्ट त्यांना त्या दुपारपासून सोडत नव्हती.

लेक शालू डोंगरकड्याहून येऊन आठ दिवस राहून गेली होती. तिला सहावा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. जाताना बैलगाडीत चढता चढता आईच्या पायांकडे तिने जे पाहिलं ते उकंडरावांनी पाहिलं. त्या संध्याकाळी रुख्मिणीबाई भिंतीला टेकून म्हणाल्या, "माझं जे व्हायचं ते होऊ द्या, पण पोरीचं बाळंतपण कोण करंल?" त्यावर ते म्हणाले, "सरकारी डाक्टरकडं जाऊ." रुख्मिणीबाई सोवळ्यापायी दवाखान्यातलं पाणीसुद्धा पीत नसत. पण त्या दिवशी नाही म्हणाल्या नाहीत.

दवाखान्यातले डॉक्टर अन्सार हैदराबादहून बदलून आलेले, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. त्यांनी बाटलीतली थोडी लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. बघता बघता तिचा वरचा भाग अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखा गोठला. "हे रक्तातलं आहे," ते म्हणाले. "गाळून रक्तातच राहायला पाहिजे होतं, ते लघवीतून खाली चाललंय. म्हणून पाणी अंगात बसतंय." उकंडरावांनी मान खाली घातली. मग डॉक्टरांनी दुसरी नळी काढली. ती वाकडी होती, एक टोक बंद, वर रेघा मारलेल्या. तिच्यात पिवळसर औषध काठोकाठ भरून त्यांनी लघवीचे थोडेसे थेंब खालून आत सोडले.

"उकंडराव, पुढं या. बघा."

नळीच्या पोटातून बुडबुडे निघाले. आधी एकेक, मग रांगेने, मग दाटीने. मोहरीएवढे, त्याहून बारीक. ते वर जात होते आणि नळीच्या बंद टोकाशी जमत होते, आणि तिथे औषध खाली दाबलं जाऊन रिकामी जागा तयार होत होती. कुणी फुंकलं नव्हतं. जाळ नव्हता. उकंडरावांना वाटलं, आतून कोणीतरी श्वास सोडतंय.

"हे काय हाय, साहेब?"

"हवा."

"कुठून आली?"

"तुमच्या घरच्या डाळीतून," डॉक्टर म्हणाले आणि हसले नाहीत. "माणूस डाळ खातो, दूध पितो. अंगाला लागायचं ते लागतं. उरतं ते जहर. नवसागर आणि चुना एकत्र चोळून कधी वास घेतलाय? डोळ्यांतून पाणी येतं बघा, तसलं जहर. ते रक्तात फिरलं तर माणूस बेहोश होऊन पडेल. म्हणून आपलं जिगर, म्हणजे यकृत, त्याला धरतं आणि त्याची एक गरीब चीज बनवतं. मिठासारखी. तिला युरिया म्हणतात. मग गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडं, ती पाण्यात घेऊन बाहेर सोडतात. तुम्ही काट्यावर असता तेव्हा, झोपता तेव्हा, आत्ता माझ्याशी बोलताय तेव्हाही. नळीतलं हे औषध युरियाला फोडतं. फुटला की त्यातली हवा सुटते. किती हवा, त्यावरून किती युरिया." त्यांनी रेघ वाचली. "बाईंचे गुर्दे हे काम अजून बराबर करतायत. ही चांगली खबर आहे."

उकंडरावांनी नळीकडे पाहत विचारलं, "ही हवा म्हंजे आपून घेतो तीच?"

"आपण घेतो त्यातला मोठा हिस्सा हाच. नाकातून आत जातो, तसाच बाहेर येतो, अंगाला काही लागत नाही. पण तुरीचं झाड त्याला मातीतून धरतं. डाळीच्या वाटेनं आला, की त्याचंच आपलं अंग बनतं."

मग डॉक्टरांनी चाँद पाशा कंपौंडरला हाक मारून कपाटातून एक बरणी काढायला लावली. आत पांढऱ्या, बारीक सुईच्या टोकांसारख्या कणांची पूड होती. चिमूटभर त्यांनी उकंडरावांच्या तळहातावर ठेवली. उकंडरावांनी हुंगून पाहिलं. वास नव्हता. कापूर, तुरटी, मीठ, सगळ्यांना काही ना काही वास असतो. याला काहीच नव्हता. डॉक्टरांनी पाण्याचा एक थेंब त्यावर सोडला. पूड विरघळली आणि तळहाताच्या त्या तेवढ्या जागी एकदम गारवा पसरला, फाल्गुनातल्या उन्हात, माठाला हात लावल्यासारखा. त्यांनी दचकून मूठ मिटली.

"हाच युरिया. आता हा वरून पाजायचा. गुर्दे त्याला बाहेर काढतील, आणि तो एकटा जात नाही, पाणी घेऊन जातो. सव्वा तोळा, दिवसातून तीनदा."

उकंडरावांनी मूठ उघडून तळहात पाहिला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण साहेब, हे... कोणाचं?"

आता डॉक्टर हसले. "कोणाचंच नाही. कारखान्यात भट्टीत बनतो. शंभर-एकशेदहा वर्षांपूर्वी एका जर्मन माणसानं काचेच्या भांड्यात पहिल्यांदा बनवला. तोवर शहाणेसुर्ते लोक म्हणायचे, ही चीज फक्त जिवंत शरीरच करू शकतं. त्यानं भांड्यात पाहिलं तर तीच." ते थांबले. "उलटी झाली, सुस्ती आली, बाई बरळायला लागल्या, तर पुडी बंद करायची आणि मला कळवायचं. मापात राहिला तर दवा आहे."

घरी येताना ते कयाधूच्या अंगाने लांबून आले. पुड्या बंडीच्या खिशात होत्या. नदीत धुणं चाललं होतं, पलीकडे टरबुजांच्या वाड्या हिरव्या दिसत होत्या. त्यांना आपल्या नावाची आठवण झाली. आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईने त्यांना जन्मल्याबरोबर सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं होतं, की टाकलेल्याला मृत्यू हात लावत नाही. मग शेजारणीने उचलून परत दिलं. या नावाची त्यांना शाळेत लाज वाटायची. आता नदीकाठी चालताना त्यांच्या मनात आलं की अंग जे टाकतं ते टाकाऊ असतं म्हणूनच टाकतं असं नाही. टाकण्याआधी अंगाने त्यावर केवढी मेहनत केलेली असते. जहराचं मीठ. एवढं काम कुणी सांगितलं जिगराला? माझ्या पोटात हे चाळीस वर्षं चाललंय आणि मला पत्ता नाही. प्रेसमध्ये रात्रंदिवस इंजिन चालतं तर त्याला तेल घालायला माणूस असतो, शिटी वाजते, धूर निघतो. इथे आवाजही नाही. त्यांनी चालता चालता उजव्या बरगडीखाली हात ठेवून पाहिला. काही कळलं नाही. पण हात लगेच काढवेना.

रुख्मिणीबाईंना त्यांनी सांगितलं, "हैदराबादचं मीठ हाय. औषधी."

"मीठ तर बंद केलंय ना माझं?"

"हे वेगळं. हे पाणी काढतं."

त्यांनी लिंबाच्या पाण्यात पूड कालवून दिली. पहिल्या घोटालाच रुख्मिणीबाईंचं तोंड वाकडं झालं. "कडू जहर," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून पिऊन टाकलं. भांड्याच्या तळाशी राहिलेला थेंब उकंडरावांनी त्या न बघताना जिभेवर घेतला. जीभ गार झाली, मग कडूपणा मागाहून आला आणि बराच वेळ राहिला.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. डॉक्टरांनी रेघांचं काचेचं भांडं दिलं होतं, त्यात दिवसभरात जमेल ते मोजायचं. बारा औंस. दुसऱ्या दिवशी अकरा. आणि दुपारी रुख्मिणीबाईंना दोनदा उलटी झाली. नंतर त्या ज्या पडल्या त्या हाक मारली तरी नुसतं हूं म्हणायच्या. उकंडराव उंबऱ्यावर बसले. सुस्ती ती हीच का? आपण हातानं हे पाजलं. काय आहे ते तिला सांगितलंही नाही. जाणून पीत असती तर गोष्ट वेगळी होती. आपण तिच्या अंगात तिच्या मर्जीवाचून एक गोष्ट सोडली आहे आणि ती आता आत काय करत असेल ते आपल्या काट्यावर दिसणार नाही. शेजारच्या खतीजाबी आल्या. त्या सुईणीचं काम करायच्या, आळीतली निम्मी लेकरं त्यांच्या हातावर आलेली. त्यांनी रुख्मिणीबाईंच्या कपाळाला हात लावला, नाव विचारलं, लेकीचं नाव विचारलं, वार विचारला. सगळं बरोबर सांगितलं त्यांनी, कंटाळून, डोळे न उघडता. "डोकं ठिकानावर हाय, भाऊ," खतीजाबी म्हणाल्या. "उपाशीपोटी पिली असंल. कडू दवा पोटात राहते व्हय?" उकंडराव धावत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तेच सांगितलं, जेवणावर द्या, थोडी थोडी करून द्या, आणि उद्यापर्यंत वाट बघा.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात दात घासत होते. मोरीच्या कुडाआडून आवाज आला. त्यांनी आधी लक्ष दिलं नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की आवाज थांबत नाहीये. थोडा मंदावे, वाटे संपला, आणि पुन्हा सुरू होई. ते तोंडात राखुंडी तशीच धरून उभे राहिले. कडुनिंबावर चिमण्यांचा कालवा होता, खतीजाबींच्या घरात जातं चाललं होतं, आणि या सगळ्यातून त्यांना फक्त तो एक आवाज ऐकू येत होता. पाच महिने जे पाणी तिच्या पापण्यांत, पोटात, पायांत तटून राहिलं होतं, ते वाट सापडून निघालं होतं. त्या बाहेर आल्या त्या कुडाला धरून. "अवं, भांडं पुरलं न्हाई," त्या लाजून म्हणाल्या. "दुसऱ्यात बी केलं."

दिवसभरात छप्पन्न औंस झालं. दुसऱ्या दिवशी एक्क्याऐंशी. त्यांनी दोनदा मोजलं, आपली चूक होते आहे असं वाटून.

शुक्रवारी जुम्याची सुट्टी असायची. प्रेस बंद. पुड्या सुरू करण्याआधीच्या शुक्रवारी डॉक्टरांच्या सांगण्यावरून उकंडरावांनी बायकोला छकड्यात घालून तिथे नेऊन काट्यावर बसवलं होतं. एक मण एकोणतीस शेर भरल्या होत्या. आता या शुक्रवारी पुन्हा नेलं. चौकीदाराने दार उघडून दिलं आणि तो बाहेर बिडी ओढत बसला. आत अर्धवट उजेड होता, तुळयांवर कापसाची कुसं लोंबत होती, हवेत सरकीचा तेलकट वास होता. रुख्मिणीबाई गाठोड्यांच्या फळीवर पदर सावरून बसल्या. उकंडरावांनी वजनं ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. दांडी डोलली आणि स्थिर झाली.

"एक मण बावीस शेर," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःला ओळखू आला नाही. "सात शेर गेलं."

त्या फळीवरून उतरल्या नाहीत. "खरं सांगा," त्या म्हणाल्या. "त्या पुडीत काय हाय?"

"मीठ..."

"मीठ न्हाई. मिठानं तहान लागती. मला तुमी काहून फसवून राहिले?"

रिकाम्या प्रेसमध्ये त्यांचा आवाज मोठा झाला. उकंडरावांनी हातातलं शेराचं वजन खाली ठेवलं. मग सांगितलं. नळीतले बुडबुडे सांगितले, डाळ सांगितली, जिगराचं काम सांगितलं, तळहातावरचा गारवा सांगितला, जर्मन माणसाचं भांडं सांगितलं. सांगता सांगता ते विसरले की आपण कबुली देतो आहोत. इतकं सलग ते बायकोशी कधी बोलले नव्हते. बोलणं संपल्यावर त्यांना भीती वाटली. त्या सोवळ्याओवळ्याच्या, आता उठतील, चूळ भरतील, पुन्हा पुडीला शिवणार नाहीत.

रुख्मिणीबाई आपल्या हाताकडे बघत होत्या. मनगटावर बांगड्यांनी पाडलेला करकोचा अजून होता, पण बांगड्या सैल होऊन खाली घसरल्या होत्या.

"म्हंजे मुतात असतं ते?"

"व्हय. घामात बी असतं. आसवांत बी."

"माझ्या अंगात हे हायच आधीपासून?"

"सगळ्यांच्याच."

"तुमच्या बी?"

"व्हय."

त्यांनी सैल बांगडी मनगटावर फिरवली. "आन् हैदराबादच्या तख्तावरच्या हुजुरांच्या?"

"हळू बोल," उकंडराव दाराकडे बघत म्हणाले. मग म्हणाले, "त्यांच्या बी."

त्या हसल्या. हसताना गाल हलले आणि सुजेखालून पाच महिन्यांनी त्यांच्या हनुवटीचं टोक दिसलं. "मला आधी सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "कडू तर कडू, मी जाणून पिली असती. माझं अंग हाय ते." आणि हात पुढे केला, उतरायला. उकंडरावांनी तो हात धरला. प्रेसमध्ये दिवसभर ज्या फळीवर गाठोडी चढत-उतरत, तिच्यावरून बायकोला उतरवताना त्यांच्या अंगावर काटा आला. सात शेर पाणी हिच्यातून गेलं आणि ही तीच आहे. चार दिवसांत हिचा दहावा हिस्सा वाहून गेला, तरी बोलते, हसते, रागावते. मग ही म्हणजे नक्की किती? काट्यावर जे भरतं त्यात ती कुठे असते? वीस वर्षं ते वजन करत आले होते आणि हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

आणखी दोन शुक्रवार गेले. एक मण चौदा शेरांवर काटा थांबला तो मग हललाच नाही. डॉक्टरांनी पुड्या कमी करत करत बंद केल्या. "हे कायमचं बरं झालं असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "गुर्द्यातली गळती आहेच. पुन्हा सूज येईल, न येईल. आली तर या." उकंडरावांनी ऐकून घेतलं. खोटा धीर दिला नाही याचं त्यांना बरं वाटलं. रुख्मिणीबाईंनी त्या दिवशी पाच महिन्यांनी स्वतः चूल सारवली. वैशाखाच्या आधी जाऊन ते शालूला घेऊन आले.

वैशाखात एका पहाटे तिला मुलगी झाली. खतीजाबी होत्या, रुख्मिणीबाई होत्या, उकंडराव बाहेर. सगळं नीट झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळ उलटली तरी लेकराने लघवी केली नव्हती. खतीजाबी दर थोड्या वेळाने फडकं चाचपायच्या आणि परत गुंडाळायच्या. "अंगावर पिऊन राहिलं," त्या म्हणाल्या, "पण भिजवलं न्हाई अजून." भर दुपारी उकंडराव डोक्याला पंचा गुंडाळून दवाखान्यात गेले. डॉक्टर जेवायला उठत होते. ते म्हणाले, "पोटात होतं तोवर आईचे गुर्दे त्याचंही काम करत होते. आता त्याचं त्यालाच करायचंय. काही लेकरांना दिवस लागतो, काहींना जास्त. घरी जा. संध्याकाळपर्यंत नाही झालं तर मी येतो."

उकंडराव परत आले आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून बसले. आत धुरी होती, शेपा-ओव्याचा वास बाहेर येत होता. ते त्या दोन इवल्या गुर्द्यांचा विचार करत होते. चिंचोक्याएवढे असतील. काल पहाटे नाळ कापली आणि त्या क्षणापासून त्यांच्यावर पडलं सगळं. कोणी शिकवलं नाही, कोणी सांगायला आत नाही. आईच्या दुधाचा पहिला घोट आत गेला आहे, जिगर कामाला लागलं असेल, एवढंसं, आणि आता कुठेतरी अंधारात थेंब थेंब जमत असेल किंवा जमत नसेल. त्यांना प्रार्थना करावीशी वाटली, पण कुणाची करावी ते सुचेना, आणि ते नुसते कान देऊन बसले.

"अवं!" आतून रुख्मिणीबाईंची हाक आली. "इकडं या. दारापाशी या."

ते उठले. दाराआड त्या मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर लेकरू, तोंड आक्रसलेलं, मुठी वळलेल्या. खतीजाबी मागे उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"हात लावून बघा," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

सोयर होतं, शिवायचं नव्हतं. उकंडराव उंबऱ्यावर उकिडवे बसले आणि त्यांनी हात पुढे केला. लेकराखालचं लुगडं ओलं होतं. हातभर नाही, तळव्याएवढंच. पण ऊन ऊन.

"किती असंल?" ते म्हणाले.

"आता हे बी मोजता काय?" रुख्मिणीबाई म्हणाल्या.

ओल गार होईपर्यंत उकंडरावांनी हात काढला नाही.